अर्थिंगचे सहा गुण

मॅलकी टार्पीनं एकतीस वर्षं किलकुरा आणि आसपासच्या गावांत विजेची कामं केली. निम्म्या गावाचं बोट अंधारात चाचपत ज्या बटणावर जाऊन टेकतं ते बटण त्यानं बसवलेलं. आणि फेब्रुवारीत सराव परीक्षेचा पेपर तपासून हातात आला तेव्हा त्याला सगळ्यात कमी गुण पडले होते ते विजेच्याच प्रश्नात. छप्पनपैकी अकरा. ध्वनीच्या प्रश्नात, ज्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, तीस.

"हे असं कसं, सिस्टर?"

"ध्वनीतलं तुला काही येत नाही," सिस्टर बेनिग्नस म्हणाल्या, "म्हणून मी सांगितलं तेवढंच लिहून गप्प बसलास. विजेतलं तुला येतं. तिथं घात झाला."

त्यांनी लाल पेन्सिलीनं त्याच्या उत्तरावर टिचकी मारली. घरात बसवलेला गळती-स्विच कोणत्या तत्त्वावर चालतो, असा प्रश्न होता. मॅलकीनं लिहिलं होतं की दर महिन्याला त्याचं टेस्टचं बटण दाबून बघावं, लोक बघत नाहीत, आणि चर्चच्या सभागृहातला तर नऊ वर्षं कुणी दाबलेला नाही.

"यात खोटं काय आहे?"

"खोटं काहीच नाही. आत जाणारा आणि बाहेर येणारा करंट सारखा नसला की तो पडतो, एवढं एक वाक्य हवं होतं. परीक्षकाकडं एक कागद असतो, मॅलकी. कागदावर शब्द असतात. ते शब्द दिसले की तो बरोबरची खूण करतो आणि चहा पितो. त्याला चर्चच्या सभागृहाशी काय करायचंय?"

सिस्टर बेनिग्नस चौऱ्याऐंशीच्या. कॉन्व्हेंटच्या शाळेत चाळीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून गावाच्या दोन पिढ्यांच्या मानगुटीवर बसलेल्या. पुढं कॉन्व्हेंट विकलं गेलं, त्याचे फ्लॅट झाले, आणि उरलेल्या तीन सिस्टर चर्चमागच्या बैठ्या घरात राहायला आल्या. त्या घराचं वायरिंग मॅलकीचंच. न्हाणीघराबाहेरचं बटण त्यानं चार बोटं उंच बसवलंय, ही तक्रार त्या दर रविवारी शिकवणीच्या सुरुवातीला करत. प्रार्थनेसारखी.

शाळा सुटल्यावर पस्तीस वर्षांनी मॅलकीला ही अवदसा का आठवली, हे गावाला ठाऊक होतं. सोळाव्या वर्षी तो शाळा सोडून वायरमनच्या हाताखाली लागला. शाळा संपताना सगळे देतात ती 'लीव्हिंग'ची परीक्षा त्यानं दिलीच नाही, आणि त्यावाचून त्याचं काही अडलंही नाही. मागल्याच्या मागल्या ऑक्टोबरात फेस्टी डर्कनच्या घरी त्याला शॉक बसेपर्यंत.

तळ्याच्या अंगाला डर्कनांचं जुनं घर आहे. फ्यूज सारखा उडतोय म्हणून फेस्टीनं बोलावलं होतं. मॅलकीनं एक हात पाण्याच्या नळावर ठेवला आणि दुसरा पाणी तापवायच्या टाकीच्या लोखंडी पत्र्यावर. शुद्धीवर आला तेव्हा तो मोरीच्या कडेला पडलेला होता आणि फेस्टीचा कुत्रा त्याचा कान चाटत होता. नंतर उलगडलं ते असं: टाकीत बिघाड होता, म्हणून फ्यूज उडायचा. फेस्टीनं शक्कल लढवून मेंढ्यांची लोकर कापायच्या कात्रीनं अर्थिंगची तारच कापून टाकली होती. फ्यूज उडायचा थांबला. चार दिवसांनी पुन्हा उडायला लागला तो भलत्याच कारणानं, पण तोवर त्या पत्र्यात करंट येऊन बसला होता.

मॅलकी वाचला. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मात्र बधिर झाली ती झालीच. स्क्रू हातात धरला की कुठं गळून पडला ते कळायचं नाही. त्याच्या कंपनीनं त्याला गोदाम सांभाळणाऱ्या गसच्या सोबतीला बसवलं, वायरची भेंडोळी मोजायला, तेही ऑगस्टअखेरपर्यंत. मग जिल्ह्याच्या गावातल्या प्रशिक्षण केंद्रात शिकाऊ पोरांना शिकवायची जागा निघाली. तिथले प्रमुख त्याला ओळखत होते. "तुझ्यापेक्षा चांगला माणूस आम्हाला मिळायचा नाही," ते म्हणाले, "फक्त नियम आहे. लीव्हिंगच्या वरच्या पातळीचं भौतिकशास्त्र, पन्नास टक्के. ऑगस्टात निकाल घेऊन ये, सप्टेंबरात खडू हातात घे."

पन्नास टक्के. चारशेपैकी दोनशे. वय वर्षं एक्कावन्न.

गसला तर आयुष्यभराचं खाद्य मिळालं. "काय मास्तर, गृहपाठ झाला का? डबा आणलाय की घरी जाणार जेवायला?" जूनच्या आधी गावात लीव्हिंगला बसणाऱ्या पोरांना शुभेच्छांची कार्डं जातात. गसनंही एक आणलं. दुकानात शेवटचं उरलेलं होतं, त्यावर 'माझ्या लाडक्या नातवाला' असं सोनेरी अक्षरात छापलेलं. मॅलकीनं ते गोदामाच्या खिडकीत उभं करून ठेवलं. गसच्या बायकोनं खरंच चर्चमध्ये त्याच्यासाठी मेणबत्ती लावली होती, हे गसनं दोन दिवसांनी, पाठ वळवून सांगितलं.

विजेचं प्रकरण मॅलकी हळूहळू विसरायला शिकला. म्हणजे त्याला जे येत होतं ते विसरायला. आधुनिक भौतिकशास्त्राशी मात्र त्याचं भांडणच होतं.

"जस्ताच्या पत्र्यावर लाल उजेड टाकला," तो म्हणायचा, "कितीही टाकला, फुटबॉलच्या मैदानावरचे सगळे दिवे आणून टाकले, तरी एक इलेक्ट्रॉन सुटत नाही. आणि अतिनील किरणांची मिणमिणती बत्ती दाखवली की सुटतात. सिस्टर, एकतीस वर्षांत मी असं कधी बघितलं नाही. जास्त दिलं की जास्त मिळतं. हा निसर्गाचा नियम आहे."

"तो किराणा दुकानाचा नियम आहे. आमच्या कॉन्व्हेंटची भिंत आठवते?"

"आठवते."

"पाच फूट. एक-एक फूट उडी मारणारी हजार पोरं आणली तर त्यातली किती पलीकडं जातील?"

"एकही नाही."

"आणि पाच फूट उडी मारणारं एकच आलं तर?"

"ते मीच होतो, सिस्टर," मॅलकी म्हणाला.

"मला ठाऊक आहे. तुझ्या पायाचा ठसा सफरचंदांच्या झाडाखाली होता. लिही: प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा पुरेशी हवी, कणांची संख्या नव्हे. आणि थांब."

'आणि थांब' हा त्यांचा मंत्र. प्रत्येक उत्तराच्या शेवटी त्या पेन्सिल टेबलावर आडवी ठेवत आणि तो थांबे. अर्धायुष्य, थांब. साखळी अभिक्रिया, थांब. अर्ध्या तासानंतर त्याचा हात असा आखडायचा की पेन मुठीत धरावं लागायचं. लिहायला मदतनीस मिळतो, असं सिस्टरांनी नाताळातच सांगितलं होतं. त्यासाठी अर्ज करायचा, डॉक्टरचा कागद जोडायचा. मॅलकीनं तो अर्ज खिशात घालून हिंडवला आणि मुदत गेली. त्या कागदावर अपघात कसा झाला ते चार ओळींत लिहायचं होतं. ते त्याच्यानं होईना.

कारण अपघात कसा झाला, हे गावाला ठाऊक होतं तेवढंच नव्हतं.

त्याची बायको नोरीन पोस्टाच्या खिडकीवर बसायची. किलकुरात पोस्टाच्या खिडकीवरून सगळं गाव सरकतं. दर शुक्रवारी फेस्टीची बायको केट डर्कन यायची. नोरीन तिला तिकिटं द्यायची, पावती द्यायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. पहिले काही महिने केट म्हणायची, "मॅलकीचा हात कसा आहे गं?" नोरीन मागच्या माणसाकडं बघून म्हणायची, "पुढचं कोण?" पुढं केटनं विचारायचं सोडलं. एका ईस्टरला तिनं दारात फळांचा केक आणून ठेवला होता. नोरीननं तो जसाच्या तसा, झाकणासकट, डर्कनांच्या फाटकावर नेऊन ठेवला. दीड वर्ष झालं, आणि मॅलकी हे सगळं बघत होता.

परीक्षा सुरू झाली की आमच्याकडं ऊन पडतं. सबंध मे महिना भिजून निघालेली पोरं कोंडून घ्यायची आणि बाहेर आभाळ निळंशार करायचं, ही देवाची जुनी खोड. भौतिकशास्त्राच्या दिवशी शाळेच्या मागच्या शेतात गवत कापायचं यंत्र घरघरत होतं आणि सभागृहाच्या खिडक्या उघड्या होत्या. सोळा पोरं-पोरी आणि मॅलकी. त्याचे गुडघे बाकाखाली मावत नव्हते. पर्यवेक्षिकाबाईंनी वरच्या पातळीचे गुलाबी पेपर वाटले, खालच्या पातळीचा कुणाला हवा असेल तर आत्ता सांगा म्हणाल्या, आणि हे म्हणताना त्यांची नजर कारण नसताना मॅलकीवर येऊन थांबली. शेजारच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. मॅलकीचाही हात निम्मा उचलला गेला होता. त्यानं त्या हातानं कान खाजवला.

आठ प्रश्न लिहायचे. प्रयोगांचे तीन चांगले गेले. तारेच्या रोधाचा, भिंगाचा, तापल्या पाण्याचा. मग प्रकाशविद्युत परिणाम आला. भिंत, पाच फूट, थांब. अर्धायुष्याचं गणित सुटलं. ध्वनी तर आता त्याच्या घरचंच झालं होतं. घड्याळात पंचावन्न मिनिटं शिल्लक होती आणि दोन प्रश्न. एक घरातल्या विजेचा, एक उष्णतेचा. हात आखडला होता, पण गणित जमत होतं. आधी विजेचा उरकू, त्यानं ठरवलं. तिसऱ्या उपप्रश्नापर्यंत तो उरकतही होता.

'धातूचं आवरण असलेल्या उपकरणाला अर्थिंग का करतात ते स्पष्ट करा. सहा गुण.'

त्यानं लिहिलं: 'उपकरणात बिघाड होऊन आवरणाला करंट लागला तर तो अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जातो, फ्यूज उडतो आणि हात लावणारा वाचतो.' दोन ओळी. सहा गुण. आता थांबायचं होतं.

तो थांबला नाही. त्यानं पुढं लिहिलं, 'तार कापलेली असेल तर वाचत नाही.' मग तारीख लिहिली. मग डर्कनांचं स्वयंपाकघर लिहिलं, टाकी कुठं होती, नळ कुठं होता. फेस्टीनं आपणहून सांगितलं होतं, हे लिहिलं. दारातच सांगितलं होतं: मॅलकी, मी ती हिरवी तार कापून ठेवलीय बरं, बघ, काही चुकलं असेल तर. आणि आपण 'बरं बरं' म्हटलं होतं, कारण आपलं लक्ष फोनवर होतं, पुढच्या कामाला उशीर होत होता. टेस्टर वरच्या खिशात होता. हात लावायच्या आधी टेस्टर लावायचा, हे आपण आजवर चौदा शिकाऊ पोरांना कान धरून शिकवलं. लावला नाही. कंपनीच्या साहेबानं विचारलं तेव्हा आपण म्हणालो, मला कुणी काही सांगितलं नव्हतं. फेस्टीनं ते ऐकलं आणि आपल्याला खोटं पाडलं नाही. का नाही पाडलं, कोण जाणे. गडी हॉस्पिटलात पडलाय, असं वाटलं असेल.

दीड पान झालं. पर्यवेक्षिकाबाई म्हणाल्या, पाच मिनिटं राहिली. मॅलकीनं उष्णतेच्या प्रश्नाचा नुसता क्रमांक घातला.

सिस्टर फाटकाशीच उभ्या होत्या. "किती लिहिलेस?"

"सात."

त्यांनी डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत हिशेब केला. "सातात होऊ शकतं. पण आठवा का नाही?"

"हात," मॅलकी म्हणाला.

सिस्टरांनी त्याच्या हाताकडं बघितलं, मग तोंडाकडं. चाळीस वर्षं पोरांच्या सबबी ऐकलेली बाई. "बरं," त्या म्हणाल्या, आणि न्हाणीघराच्या बटणाचा विषयसुद्धा काढला नाही.

निकाल ऑगस्टात लागला. अठ्ठेचाळीस टक्के. चारशेपैकी एकशे ब्याण्णव.

मॅलकी स्वयंपाकघरात बसून राहिला. नोरीननं मात्र कंबर कसली. "आठ गुण. आठ गुण म्हणजे काय, परीक्षकाला शिंक आली तरी आठ गुण जातात. तपासलेला पेपर बघायला मिळतो ना आता घरबसल्या? बघू या. कुठं राहिलेत ते शोधू आणि फेरतपासणीला टाकू. केंद्राच्या प्रमुखांशी मी बोलते, पंधरा दिवस थांबतील ते."

"नको, जाऊ दे."

"जाऊ दे कसं? आठ महिने रविवारचं जेवण मी चारला वाढलंय."

"वेबसाइट चालत नाही म्हणे."

"तुला कोण म्हणालं? मी पोस्टात आहे, मॅलकी. न चालणाऱ्या वेबसाइट चालवायचा पगार मिळतो मला."

पेपर दिसायला लागायचा तो दिवस येईपर्यंत मॅलकीनं तीनदा सांगायचं मनावर घेतलं. एकदा ती कपडे वाळत घालत होती. एकदा गाडीत, पण रस्त्यात डर्कनांचा ट्रॅक्टर समोरून आला, नोरीननं मान फिरवली आणि ते राहून गेलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "नोरीन," आणि ती म्हणाली, "काय?" आणि तो म्हणाला, "चहा करू का?"

त्या दिवशी तिनं लॅपटॉप टेबलावर ठेवला, चष्मा चढवला, वही घेतली. एकेक पान पुढं सरकवत ती गुण लिहून घेत होती. "हे बघ, इथं तीन दिलेत, चार द्यायला हवे होते. दुष्ट आहे मेला." मॅलकी खिडकीकडं तोंड करून उभा होता. विजेचा प्रश्न आला तेव्हा पेनाचा आवाज थांबला. त्यावरून त्याला कळलं.

दोन ओळींपुढं परीक्षकाची लाल खूण होती, आणि सहापैकी सहा. त्याच्याखालच्या दीड पानावर एकही खूण नव्हती. फक्त शेवटच्या ओळीखाली त्यानं बारीक अक्षरात लिहिलं होतं: वाचलं.

नोरीननं ते दोनदा वाचलं. मॅलकीनं मोजलं, कारण पान वर सरकवल्याची टिकटिक झाली.

"त्यानं तुला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"दारातच."

"हो."

"दोन वर्षं होत आली, मी त्या बाईच्या तोंडाकडं बघितलं नाही. केक परत केला. भर चौकात रस्ता ओलांडून गेले." ती ओरडत नव्हती. पोस्टाच्या खिडकीवर, पत्ता चुकलाय म्हणून सांगताना बोलते तशी बोलत होती. "आणि हे तू मला नाही सांगितलंस. कुणाला सांगितलंस, तर ह्या लाल पेनवाल्याला."

मॅलकी म्हणाला, "तो मला ओळखत नाही."

तिनं पान पुढं सरकवलं. उष्णतेच्या प्रश्नाचा क्रमांक होता आणि खाली कोरं. तिनं वहीतल्या आकड्यांची बेरीज केली. मिळायला हवे होते म्हणून तिनं खूण करून ठेवलेले गुण सगळे मिळून चार झाले. चार मिळूनही पन्नास होत नव्हते.

"परीक्षकानं बरोबर तपासलंय," मॅलकी म्हणाला. "फेरतपासणी नको. प्रमुखांना मी उद्या फोन करतो. जागा दुसऱ्याला द्या म्हणून."

"कर."

"पुढल्या जूनला बसेन म्हणतो परत. सिस्टर असल्या तर."

"त्या असतील. तू बस," नोरीन म्हणाली. तिनं लॅपटॉप मिटला, कोट अंगात घातला, गाडीची किल्ली घेतली आणि बाहेर गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर मॅलकीला बरं वाटलं असतं.

गाडी सुरू झाल्याचा आवाज यायची तो वाट बघत होता. आला नाही. त्यानं खिडकीतून बघितलं. अंगणात गाडी जागच्या जागी उभी होती. नोरीन चालकाच्या जागेवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, समोर तळ्याकडं, डर्कनांच्या घरी जाणाऱ्या रस्त्याकडं बघत बसली होती. शेजारचं दार तिनं आतून ढकलून उघडं ठेवलं होतं.

मॅलकीला बूट घालायला वेळ लागला. नाडी त्या दोन बोटांत सापडत नव्हती.